दिवाळीच्या सुट्टीत वाचायला बसायचं कुठे?

कांदिवलीला राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय सेहेचाळीस, फोर्टमध्ये नोकरी. घर वन बीएचके. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. रोज सकाळी त्या कांदिवलीहून उलट्या बोरिवलीला जातात, तिथे चर्चगेट गाडीत खिडकी धरतात आणि उतरेपर्यंत वाचतात. संध्याकाळी परतीच्या गाडीतही तेच. ‘घरी आल्यावर मात्र पुस्तक पर्समध्येच राहतं,’ असं त्या लिहितात.

दिवाळीची त्या वर्षभर वाट पाहतात. सलग रजा, नवे दिवाळी अंक. पण साफसफाई, फराळ, येणंजाणं यांत अंक उघडायलाच होत नाही. गेल्या भाऊबिजेला नणंद सहकुटुंब आली होती तेव्हा यांच्या मांडीवर अंक उघडा होता. ‘वहिनी, आम्ही वर्षातून एकदा येतो, तेवढा वेळ तरी पुस्तक ठेव गं,’ असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. रात्री नवऱ्याने विचारलं, ‘चार दिवस नाही वाचलंस तर काय बिघडतं?’ तेव्हापासून त्या घरात लपूनछपून वाचतात: बाथरूममध्ये, नाहीतर सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात. साफसफाईत दिवाणातल्या पुस्तकांवरून होणारं भांडण वेगळंच. सासूबाई यात काही बोलत नाहीत. आणलेला अंक हातात घेतात, मुखपृष्ठ बघतात, चार पानं उलटतात आणि ठेवून देतात. वर ‘त्या कंदिलाचा दिवा डोळ्यांवर येतो, बंद करा,’ म्हणतात. ‘थोडक्यात, या घरात वाचणारी मी एकटीच,’ असं मैत्रिणीचं म्हणणं. त्यांचा प्रश्न असा: यंदाच्या दिवाळीत वाचनालाच सुट्टी द्यावी, की कोणी काहीही म्हणो, वाचत राहावं?

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचताना मी ‘पुस्तक पर्समध्येच राहतं’ या वाक्यावर थांबले. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेला आहात, पण मला वाटतं तुमची अडचण तिथेच आहे. तुमचं सगळं वाचन गाडीत होतं. खिडकीच्या त्या जागेवर तुम्ही कोणाच्या आई नसता, कोणाच्या सूनबाई नसता. शेजारची बाई फार तर ‘कुठे उतरणार?’ एवढं विचारते. अंधेरीला गर्दी अंगावर आली तरी तुमच्या पानाला कोणी हात लावत नाही. त्या गाडीने तुम्हाला वाचनासाठी वेळ दिला, जागा दिली, आणि कोणाला विचारावं न लागण्याची मोकळीकही दिली. दिवाळीची रजा लागली की हे सगळं एका दिवसात बंद होतं. म्हणून ज्या सुट्टीची तुम्ही वाचनासाठी वाट पाहता, त्याच सुट्टीत वर्षातलं सर्वांत कमी वाचन होतं.

आता हेच घरच्यांच्या बाजूने पाहा. नवऱ्याला तुम्ही वाचता हे ठाऊक आहे, पण त्याने तुम्हाला वाचताना फारसं पाहिलेलं नाही. मुलानेही नाही. त्यांनी पाहिलेल्या तुम्ही म्हणजे आल्या आल्या पर्स खुंटीला अडकवून कुकर लावणाऱ्या. दिवाळीत तुम्ही अचानक अंक घेऊन बसलात की त्यांना वाटतं, ही आपल्यातून उठून गेली. यात त्यांना तुमच्या वाचनाचा राग आहे असं मला पत्रातून दिसत नाही. दिसते ती अनोळख. आणि अनोळख असेल तर ती घालवता येते, त्यासाठी भांडावं लागत नाही.

मग पहिली गोष्ट सांगते, आणि ती मनापासून सांगते: चोरून वाचणं बंद करा. बाथरूममध्ये वाचलेल्या पानांत ना धड रस येत, ना ती लक्षात राहतात. रात्री मोबाइलच्या उजेडात डोळे ताणून वाचलं की दुसऱ्या दिवशी पहाटे उटणं कालवायला उठताना चिडचिड होते आणि ती चिडचिड मुलावर निघते. पण याहून मोठं नुकसान वेगळं आहे. जे आपण लपवतो ते चुकीचंच असणार असं आधी घरच्यांना वाटायला लागतं, मग आपल्याला. तुमच्या पत्रात ‘अपराधी’ हा शब्द किती वेळा आलाय ते एकदा बघा. कसला अपराध? तुमचे यजमान सुट्टीत दुपारी मॅच बघतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यांनी कधी ती दार लोटून बघितली का?

बायकांच्या वाचनावरची ही नजर जुनी आहे. रमाबाई रानडे यांचं १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून टोचून बोलायला सुरुवात केली. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तो काळ गेला. तुमच्या वाचनावर आज कोणी बंदी घातलेली नाही, नवरा पुस्तकांना पैसेही देतो असं तुम्ही म्हणता. पण बाईने घरात, सगळ्यांच्या देखत, हातात काही काम न घेता बसणं आजही अनेक घरांत खुपतं. हातात पुस्तकाऐवजी निवडायची मेथी असती तर नणंद काही बोलली असती का? नसती. म्हणून हा प्रश्न पुस्तकाचा कमी आणि तुमच्या रिकाम्या बसण्याचा जास्त आहे, असं मी म्हणेन.

एवढं तुमच्या बाजूने बोलल्यावर आता थोडं नणंदेच्या बाजूनेही बोलते. राग मानू नका. ती आली तेव्हा अंक मांडीवर उघडा होता. ती तिच्या मुलीच्या अॅडमिशनचं सांगत होती आणि तुम्ही ‘हं, हं’ करत एक डोळा पानावर ठेवून होतात, असं तुमच्याच पत्रात आहे. समोरच्याला ते लागतंच. अर्धं लक्ष गोष्टीत आणि अर्धं माणसात ठेवलं की दोन्हींवर अन्याय होतो. विरारहून दोन मुलांना घेऊन, दिवाळीच्या गर्दीत गाड्या बदलत ती तुमच्याकडे आली. ती असेपर्यंतचे दोन-तीन तास अंक कपाटात राहिला तर तुमच्या वाचनाचं काही बिघडत नाही. तिने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे खरं. तरी तिचं दुखणं खरं होतं. यंदा ती येण्याआधी तुम्हीच फोन करा आणि म्हणा, ‘गेल्या वेळी तू मुलीचं सांगत होतीस ते मी नीट ऐकलं नाही. या वेळी निवांत बसू.’ या एका फोनने निम्मा ताण उतरेल.

म्हणजे तुमच्या ‘हे की ते’ या प्रश्नावर माझं उत्तर असं: वाचनाला सुट्टी देऊ नका, आणि दिवसभर जमेल तसं, जमेल तिथे वाचत राहण्याचा हट्टही धरू नका. दिवसातली एक वेळ ठरवा, ती आधी सांगा, आणि उजेडात, सगळ्यांसमोर वाचा.

कुठली वेळ? दिवाळीच्या दिवसांकडे नीट पाहा. नरकचतुर्दशीला घर पहाटे पाचला उठतं. अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, देवाला दिवा, फराळ, फोटो, सोसायटीत खाली जाऊन भेटणं हे सगळं नऊ-साडेनऊपर्यंत उरकतं. त्यानंतर घर पेंगतं. एरवी या वेळी तुम्ही गाडीत असता, त्यामुळे घर या वेळी कसं असतं हे तुम्हाला माहीतच नसेल. लक्ष्मीपूजनाची गडबड संध्याकाळची, तिची दुपार मोकळी. पाडव्याला औक्षण झालं की पुरुष मंडळी भेटीगाठींना बाहेर पडतात. भाऊबीज सोडून द्या, तो दिवस माणसांचा. मोकळा वेळ आहे. तो भांडी विसळण्यात आणि ‘आता काय करू’ म्हणत पुन्हा एकदा ओटा पुसण्यात जातो, हे तुम्हालाही मान्य होईल. तासभर पुरे. तो तास रोज त्याच वेळी असला तर आठवड्याभरात घरालाही सवय लागते.

आणि जागा. वन बीएचकेमध्ये स्वतःची खोली कुठून आणायची? नका आणू. हॉलच्या खिडकीपाशी प्लास्टिकची खुर्ची टाका, पाय टेकायला पाट घ्या आणि तिथेच बसा. मागे टीव्ही चालू असला तर असू दे. अंधेरी ते दादरच्या गर्दीत वाचणाऱ्या बाईला टीव्हीचा आवाज जड नाही. महत्त्वाचं एवढंच की ती खुर्ची तुमची म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांना दिसली पाहिजे. बेडरूमचं दार लावून वाचलंत तर ते पुन्हा लपणंच होईल.

एखाद्या दिवशी घरात अगदीच जमलं नाही तर बाहेर पडा. आपल्या शहरात वाचायला बसायच्या जागा कमी झाल्यात, संपल्या नाहीत. तुमच्या फोर्टच्या ऑफिसजवळ काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. रजा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तिथे अर्धा तास बसून मगच गाडी पकडायला काय हरकत आहे? त्याच्या सभासदत्वाची चौकशी एकदा करून ठेवा. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ सालची ही संस्था, आणि तिच्या शाखाही आहेत. दिवाळीत कुठली जागा कोणत्या दिवशी बंद असते ते आधी फोन करून विचारा.

ग्रंथालयाचा विषय निघाला आहे तर दिवाळी अंकांबद्दलही बोलते, कारण तुमच्या धास्तीचं एक कारण तिथे आहे. तुम्ही दर वर्षी पाच-सहा अंक विकत घेता. एकेक अंक आता तीनशे-चारशेच्या घरात जातो. मग ते पैसे वसूल व्हायला हवेत, सुट्टी संपायच्या आत निदान दोन तरी संपायला हवेत, असा हिशेब डोक्यात सुरू होतो. भाऊबीज उलटली आणि अंक कोरे राहिले की दिवाळी वाया गेली असं वाटतं. हा हिशेब सोडा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून मराठी घरांत हे अंक दिवाळीला येतात आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवून वाचले जातात. फराळाच्या डब्यासारखे ते चार दिवसांत संपवायचे नसतात. कित्येक ग्रंथालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात: एकदाच ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने एक अंक परत करून दुसरा न्यायचा. तुमच्या घराजवळच्या ग्रंथालयात अशी योजना आहे का ते विचारा. यंदा दोनच अंक विकत घ्या, तुमच्या सर्वांत आवडीचे. बाकीचे योजनेतून आणा. डिसेंबरमध्ये तुम्ही बोरिवलीच्या गाडीत बसून दिवाळी अंकच वाचत असाल आणि त्यात काही उशीर झाला असं नाही.

आता कामाचा भाग. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, आणि ते तुमच्या यजमानांनीही वाचावं. पत्रात तुम्ही फराळाची यादी दिली आहे: भाजणीच्या चकल्या, दोन प्रकारचे लाडू, करंज्या, शंकरपाळे, चिवडा, शेव आणि अनारसे. नोकरी सांभाळून! अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कोरडे करायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं आणि मग तळताना ते तुपात विरघळले की हताश व्हायचं. घरात कोणाला अनारसे एवढे आवडतात का, हे कधी विचारलंत? ‘सासूबाईंनी कधी चुकवले नाहीत’ म्हणून तुम्ही करता. सासूबाईंनाच विचारा. कदाचित त्याही त्यांच्या सासूबाईंसाठीच करत आल्या असतील.

ज्यात घरातल्यांचा जीव आहे असे दोन पदार्थ घरी करा, बाकीचे घरगुती फराळ करणाऱ्या एखाद्या बाईंकडून घ्या. कांदिवली-बोरिवलीत अशा कितीतरी जणी आहेत. दसऱ्याच्या आसपास ऑर्डर दिली की वेळेवर मिळतं, आणि तुमच्यासारख्याच एका बाईच्या हाती दिवाळीला चार पैसे पडतात. जे घरी कराल ते एकटीने करू नका. करंज्या ही चार हातांनीच करायची गोष्ट आहे: एकाने लाटायचं, दुसऱ्याने सारण भरायचं, तिसऱ्याने कातण्याने कापायचं. दहावीतल्या मुलाला कातणं फिरवता येतं. नवऱ्याला चिवड्याचे पोहे भाजता येतात, आच मंद ठेवून पाच मिनिटं हलवत राहायचं, यात शिकण्यासारखं काही नाही. करंज्या भरताना मोबाइलवर एखादं मराठी ऑडिओबुक लावा, हात चालू आणि गोष्टही चालू. तळताना मात्र नको. तेल तापलेलं असताना लक्ष तेलावरच हवं.

तुमच्या तासाभराच्या वाचनाची वेळ खरं तर इथून निघणार आहे. ती कोणी भेट म्हणून देणार नाही. अनारसे वजा झाले की तीन संध्याकाळी सुटतात, आणि त्या संध्याकाळी दुसऱ्या कामाने भरणार नाहीत याची काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल. ही सवय आपल्याला असते. एक काम कमी झालं की आपण दुसरं शोधून काढतो.

आता सासूबाई. ‘घरात वाचणारी मी एकटीच’ हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. ज्या बाईंना वाचनात रस नाही त्या दर वर्षी अंक हातात घेत नाहीत. तुम्ही लिहिलेलं पुन्हा एकत्र मांडते. वय शहात्तर. अंक घेतात, पानं उलटतात, ठेवतात. कंदिलाचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणतात. त्यांना वाचायचं नाही आहे, की अक्षर दिसत नाही आहे? दिव्याचा प्रकाश असा डोळ्यांत घुसणं हे मोतीबिंदूचं एक नेहमीचं लक्षण आहे. मी डॉक्टर नाही आणि कारण दुसरंही असू शकतं, पण डोळे तपासून घेतल्याशिवाय राहू नका. या वयाची माणसं स्वतःहून बोलत नाहीत. मुलाचं दहावीचं वर्ष, सुनेची नोकरी, त्यात आपला खर्च नको, असं मनात असतं. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात, आणि काही आठवड्यांनी वाचायचा चष्मा ठरवून देतात. तपासणी दिवाळीआधीच उरका. दिवाळीत दवाखाने बंद असतात आणि मग ‘नंतर बघू’ होतं.

तोवर त्यांना वाचून दाखवा. रोज नाही, तुमच्या तासातलं तर मुळीच नाही. तो तास तुमचा. पण करंज्या करताना, किंवा रात्री जेवणं झाल्यावर, एखादा छोटा विनोदी लेख. आपल्या घरांत चातुर्मासात एकाने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायचं हे चालत आलेलंच आहे, त्यांना ते नवं वाटणार नाही. त्या मुलगी असताना घरी कोणता अंक यायचा ते विचारा. माझा अंदाज आहे की उत्तर लांबलचक येईल. आणि घरात आणखी एका माणसाला गोष्टीची ओढ आहे हे कळलं की तुमच्या खिडकीतल्या खुर्चीकडे कोणी वाकड्या नजरेने बघणार नाही. सासूबाईच म्हणतील, ‘तिला वाचू दे, संध्याकाळी मला सांगेल.’

मुलाला वाचायला लावायचं हे यंदा मनातूनही काढून टाका. दहावीच्या मुलाला ‘मोबाइल ठेव, पुस्तक घे’ म्हटलं की पुस्तक ही शिक्षा होते. त्याने तुम्हाला आनंदाने वाचताना बघावं, एवढं सध्या पुरे.

राहिलं दिवाणातल्या पुस्तकांचं. साफसफाईत नवरा ‘रद्दीत दे’ म्हणतो आणि तुमचा संताप होतो. संताप मला समजतो, तरी त्याचंही थोडं खरं आहे. दिवाण वर्षातून एकदाच उघडत असेल तर मुंबईच्या हवेत आतली पुस्तकं नक्की दमट झालेली असतात. पावसाळा सरला की ऑक्टोबरचे बिनपावसाचे, तापलेले दिवस यासाठी बरे. सगळी पुस्तकं एका रविवारी बाहेर काढा. कडक उन्हात ठेवू नका, मुखपृष्ठं वाकतात आणि रंग उडतो. पंख्याखाली चादर पसरून, पानं किंचित उघडी राहतील अशी उभी करा. कोरड्या फडक्याने शिवण पुसा. बारीक चंदेरी किडे पळताना दिसले की समजा कसर लागली आहे. तेवढी पुस्तकं वेगळी काढा, नाहीतर ती बाकीच्यांना लागते. दिवाणाच्या तळाशी कोरडा कागद, कोपऱ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अजिबात ठेवू नका, आत ओल राहिली तर बुरशी धरते. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट ठेवू नका.

आणि पुस्तकं अशी पसरलेली असतानाच तीन ढीग करा. पुन्हा वाचणार ती, कोणाला तरी द्यायची ती, आणि जी फाटून-कसर लागून खरोखरच संपली आहेत ती. हे तुम्ही करा, नवऱ्याने करायचं नाही. पण तुम्ही खरंच करा. जुने दिवाळी अंक ग्रंथालयं सहसा घेत नाहीत, नेण्याआधी विचारा. सोसायटीच्या ऑफिसात एक टेबल मांडून ‘हवं ते न्या’ अशी चिठ्ठी लावली तर दिवाळीच्या दिवसांत बरेच अंक जातात, माळ्यावरून खाली येणाऱ्या आजी-आजोबांना तर ते फार हवे असतात. एखादा कप्पा रिकामा झाला की तो हॉलमध्ये आणायच्या पुस्तकांसाठी मागून घ्या. दिवाणाखाली दडलेली पुस्तकं घरातल्या इतरांना अडगळ वाटतात, कारण त्यांना ती कधी दिसतच नाहीत.

अशीच पत्रं मला दर वर्षी या सुमारास येतात. सगळी बायकांची नसतात. निवृत्त झालेले एक गृहस्थ लिहितात की सुट्टीत मुलं-नातवंडं घरी आली की त्यांची वाचायची आरामखुर्ची जाते आणि ते गच्चीवर जाऊन बसतात. अभ्यासासाठी मामाकडे राहणारी एक मुलगी लिहिते की हातात कादंबरी दिसली की ‘परीक्षेचं काय?’ हे ठरलेलं. तुम्हा दोघांनाही मी हेच सांगेन: वेळ ठरवा, घरच्यांना सांगा, सगळ्यांच्या देखत बसा. आजोबांनी नातवंडांना त्या खुर्चीत आपल्याशेजारी बसवून घ्यावं, गच्चीवर जाऊ नये. आणि मुली, तू मामींना तुझं अभ्यासाचं वेळापत्रक लिहून दाखव आणि त्यात कादंबरीचा अर्धा तास स्वच्छ अक्षरात लिही. लिहिलेल्या गोष्टीला मोठी माणसं मान देतात.

मैत्रिणी, नवऱ्याशी बोलायचं कसं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. रात्री दमलेले असताना बोलू नका, आणि गेल्या भाऊबिजेपासून सुरुवात करू नका. वसुबारसेच्या आधीच्या एखाद्या रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, ‘मी रोज गाडीत दोन तास वाचते, तुला माहीत आहे ना? ते सुट्टीत बंद होतं आणि मग मी चिडचिड करते. यंदा मला रोज सकाळी दहा ते अकरा घरातच वाचायचंय. त्या तासात दार वाजलं, आईंना काही लागलं, गॅसवर दूध असलं तर ते तू बघशील का?’ एवढंच बोला. त्यात तक्रार नाही, काम नेमकं आहे आणि वेळही ठरलेली आहे. ‘तू मला कधी समजून घेत नाहीस’ या वाक्याला नवऱ्यांकडे उत्तर नसतं. ‘दहा ते अकरा दूध बघ’ याला असतं.

पहिल्या दिवशी तो दहा वाजून वीस मिनिटांनी येऊन ‘पासबुक कुठे ठेवलंय?’ असं विचारेलच. पानावरचं बोट न काढता सांगा, ‘अकराला देते.’